मस्टरवर नाव आहे का?

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. बिलोलीतल्या आमच्या ओळखीच्या एक वहिनी शिवणकामाचं आणि पिको-फॉलचं दुकान चालवतात. घरातल्या एका मशीनवर सुरू केलेलं काम आज पाच मशीनवर गेलंय आणि हाताखाली चार मुली आहेत. त्यातली सगळ्यात जुनी मुलगी काम सोडून निघाली होती आणि दुकानाच्या पायरीवर दोघींचं चांगलंच वाजलं होतं. मला पाहताच वहिनींनी हाक मारली.

"ताई, तुम्हीच सांगा हिला समजावून. घरच्या लेकीसारखी ठेवली. दिवाळीला साडी दिली, तापानं फणफणली तेव्हा दवाखान्यात मीच नेलं. आणि आता म्हणायलीय, दोन महिन्यांचा पगार बाकी आहे!"

मुलगी मान खाली घालून उभी होती, पण बोलली ठामपणे. "काकू, साडी दिली ते खरं हाय, दवाखान्यात नेलं ते बी खरं हाय. पण आषाढ अन् श्रावणाचा पगार माझ्या हातात आला नाही. खोटं कामून बोलू?"

दोघींच्याही डोळ्यांत पाणी. मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला आणि एकेक महिना आठवत गेलो. तासाभरानं उलगडा झाला. श्रावणात मुलीचे वडील दुकानात आले होते. फवारणीला पैसे लागतात म्हणून लेकीचा पगार घेऊन गेले होते. घरी गेल्यावर त्यांनी मुलीला सांगितलंच नाही. आणि आषाढाचं म्हणाल तर भावाच्या लग्नात मुलीनं उचल घेतली होती. ती वहिनींनी आषाढाच्या पगारात वळती केली. मुलीची समजूत अशी, की उचल थोडी थोडी कापली जाणार.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. फक्त लिहिलेलं कुठंच काही नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच टेबलावर गिऱ्हाइकांच्या मापाची वही होती. कुणाची बाही किती, कुणाचा गळा किती, पाव इंचाचासुद्धा फरक त्यात टिपलेला. मुलीनं कोणत्या तारखेला काम केलं हे शेवटी आम्ही त्याच वहीतून शोधून काढलं, कारण तिनं शिवलेल्या ब्लाउजपुढं तिच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. गिऱ्हाइकाचं माप लिहिलं जातं, पण कामाला येणाऱ्या मुलीच्या हजेरीला आणि पगाराला वही नसते. मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींच्या दुकानात, क्लिनिकमध्ये, पार्लरमध्ये, क्लासेसमध्ये, बचत गटाच्या पापड-शेवयांच्या उद्योगात हेच चित्र आहे!

आपल्या आजीला ठाऊक होतं

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या बायका मराठवाड्यात अजून आहेत. खडी फोडायला, तळ्याच्या कामावर, रस्त्याच्या कामावर गेलेल्या. त्यांच्याशी बोलायला बसा. 'मस्टर' हा इंग्रजी शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बायकांना पक्का पाठ असतो. मस्टरवर नाव चढलं का, अंगठा उमटला का, दिवस किती भरले, हे त्या रोज विचारून घ्यायच्या. कारण मस्टरवर नाव नाही तर मजुरी नाही. पुढे १९७७ साली महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क कागदावर आला.

आजीला जे उन्हातान्हात कळलं होतं, ते सावलीतल्या दुकानात काम करणाऱ्या नातीला मात्र विचारायचा संकोच वाटतो. "ओळखीतलं दुकान आहे, कागद कसा मागायचा?" असं तिला वाटतं. आणि मालकीणबाईंना वाटतं, "चारच तर मुली आहेत, आपल्याला कुठले आलेत कायदे?" हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

चार मुली असल्या तरी कायदा आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. किमान वेतन, वेतन वाटप, समान वेतन, प्रसूती लाभ असे २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. यातली वेतन संहिता २०१९ साली संसदेनं मंजूर केलेली आहे. छोट्या दुकानदार बहिणींनी तिच्यातल्या काही गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट, किमान वेतन. पूर्वी ते ठरावीक यादीतल्या उद्योगांपुरतं होतं, आता ते सगळ्यांना आहे. दर सरकार ठरवतं आणि ते बदलत राहतात. म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबू नका. नांदेडच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून चालू दर विचारून घ्या.

दुसरी, पगाराची तारीख. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता करायचा. "सीझन संपल्यावर बघू" हे चालत नाही.

तिसरी, कपात. कामावर न आलेल्या वेळेपुरतेच पैसे कापता येतात. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणं बेकायदा आहे. दंडालाही मर्यादा आहे, त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त दंड घेता येत नाही. आणि उचल धरून सगळी कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. म्हणजे वहिनींनी उचलीपोटी पूर्ण महिन्याचा पगार वळता केला, ते मन साफ असूनही नियमात बसत नव्हतं.

चौथी, जादा काम. लग्नसराईत आणि दिवाळीत रात्री अकरापर्यंत मशीन चालते. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ थांबवलं तर त्या तासांचा दर किमान दुप्पट.

आणि पाचवी सगळ्यात महत्त्वाची. कामगारानं "माझा पगार मिळाला नाही, कमी मिळाला" असा दावा केला, तर पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. आता विचार करा, वहिनींनी श्रावणात वडिलांच्या हातात दिलेले पैसे त्या कशाच्या बळावर सिद्ध करणार होत्या? वही ही मुलीच्या फायद्याची आणि मालकिणीला जाच, असं अनेकींना वाटतं. खरं तर वेळ आली की मालकिणीचा पहिला साक्षीदार तीच वही असते.

पगार ज्याचा त्याच्या हातात किंवा ज्याच्या त्याच्या बँक खात्यात द्यावा, हेही यातून शिकण्यासारखं. मुलगी सज्ञान आहे, कष्ट तिचे आहेत. वडील, नवरा, दीर कुणीही आलं तरी, "तिच्या खात्यावर टाकते," एवढं गोड बोलून सांगता येतं. मुलीच्या नावानं खातं नसेल तर तेवढ्या निमित्तानं उघडेल तरी!

मुंबईच्या एका स्टेनोची गोष्ट

"पण बाई, पोरींना पुरुष कारागिराइतका पगार कुठं परवडतो?" हा प्रश्नही नेहमीचा. त्याचं उत्तर मुंबईत फार पूर्वी मिळालं आहे.

मॅकिनन मॅकेन्झी नावाच्या कंपनीत ऑड्रे डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. तिथले पुरुष स्टेनो तेच काम करत आणि त्यांना पगार जास्त मिळे. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. सुरुवातीला अर्ज फेटाळला गेला, पण अपिलात निकाल त्यांच्या बाजूनं लागला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं डिकॉस्टा यांच्या बाजूनं निकाल दिला. फरकाची रक्कम होती सुमारे सात हजार दोनशे रुपये. एवढ्या रकमेसाठी त्या दहा वर्षं लढल्या, पण त्यामुळे देशभरातल्या बायकांना एक भक्कम आधार मिळाला.

कंपनीचं म्हणणं होतं, की युनियनशी करार करूनच हे पगार ठरले आहेत, शिवाय आर्थिक स्थितीही बरी नाही. न्यायालयानं दोन्ही सबबी मान्य केल्या नाहीत. काम सारखं असेल तर परवडत नाही म्हणून बाईला कमी देता येणार नाही. जुना कायदा आता वेतन संहितेत आला आहे आणि हे तत्त्व तिथंही कायम आहे. मास्तर आणि मुलगी दोघंही कटिंग करत असतील आणि कौशल्यही सारखं असेल, तर दर एकच.

दिवस गेले म्हणून काम गेलं?

आमच्या गोष्टीतली मुलगी काम का सोडत होती, हे मी सगळ्यात शेवटी विचारलं. तिला तिसरा महिना होता. वहिनींनी "आता तुला झेपणार नाही, घरी बस," असं मायेनं सांगितलं होतं आणि तिनं त्याचा अर्थ 'काढून टाकलं' असा घेतला होता. बाळंतपणानंतर परत यायचं की नाही, जागा राहील की नाही, हे कुणी बोललंच नव्हतं.

दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा दुकानांत आणि आस्थापनांत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. २०१७ पूर्वी ती १२ आठवडे होती. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की हा हक्क लागू होतो. त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. "ती तर रोजंदारीवर आहे," ही सबबही टिकत नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवर काम करणाऱ्या बायकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रोजंदारीवरच्या बाईलाही प्रसूतीचा लाभ द्यावा लागेल, असा निकाल ८ मार्च २००० रोजी लागला. पुन्हा मस्टरच कामी आलं! आणि त्या दिवशी महिला दिन होता.

वहिनींकडं चारच मुली, त्यामुळे ही सक्ती त्यांना नाही. पण सक्ती नसली तरी शब्द देता येतो आणि तो लिहिता येतो. "अमुक महिन्यापासून रजा, बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर परत कामावर, तोवर जागा राखून ठेवीन," या दोन ओळी पुरेशा आहेत. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात, त्याची चौकशी अंगणवाडीताईंकडं करता येते. आणि हातशिलाईचं, हुक-बटणाचं काम घरी देता आलं तर दोघींचंही भागतं.

जी तक्रार तोंडातून निघत नाही

पगाराचं भांडण निदान पायरीवर तरी होतं. पण मालकाची नजर, गिऱ्हाइकाचा नको तिथं लागलेला हात, रात्री येणारे मेसेज यांचं काय? तिथं मुलगी गुपचूप काम सोडते. घरी सांगते, "पगार कमी होता."

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करत. बालविवाह रोखण्याचं काम केलं म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली 'विशाखा' निकाल आला. कामाच्या ठिकाणी बाईची सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी, असं त्यानं ठरवलं. पण निकाल कागदावरच राहू लागला. तेव्हा पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका मानली गेली. २०१२ मध्ये न्यायालयानं राज्यांना खडसावलं आणि २०१३ साली कायदा झाला. म्हणजे इथंही सुरुवात लिहिण्यापासूनच झाली.

हा कायदा सांगतो, की दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष बाईच हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. "नांदेडला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, घरी काय सांगू?" ही अडचण खरी आहे. म्हणूनच कायद्यात प्रत्येक तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्यांनी तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडं पाठवायची असते. गोव्यातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना या नेमणुका पूर्ण करायला पुन्हा बजावलं. तेव्हा तहसील कार्यालयात जाऊन, "आपल्या तालुक्याचा समन्वय अधिकारी कोण?" हे विचारायला अजिबात लाजू नका.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत व्हायला हवी आणि नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. "सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल," ही भीतीही मनातून काढून टाका. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. तोवर एवढं करा, की तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मेसेज पुसू नका.

वहीत काय लिहायचं?

दुकानदार मैत्रिणींनो, यासाठी वकील किंवा संगणक लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातली एक हजेरीची वही आणि एक साधी दोनशे पानी वही बास झाली.

हजेरीच्या वहीत रोज आल्याची-गेल्याची वेळ आणि सही. पगाराच्या पानावर महिना, भरलेले दिवस, जादा तास, उचल, कपात, हातात दिलेली रक्कम, तारीख आणि सही. त्याचीच एक चिठ्ठी मुलीच्या हातात द्या, हीच तिची पगारपावती. उचल दिली तर ती किती हप्त्यांत फिटणार हे त्याच वेळी लिहा. कामावर ठेवताना एका कागदावर काम, वेळ, पगार, आठवड्याची सुटी आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं हे लिहून दोघींनी सही करा. दहा किंवा अधिक कामगार असतील तर नेमणूकपत्र देणं बंधनकारकच आहे.

जन्मतारखेचा दाखला पाहिल्याशिवाय कुणाला कामावर ठेवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे, मग तिची आई कितीही विनवणी करो. दुकानाची माहिती दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन द्यावी लागते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणीऐवजी अशी सूचना देणं पुरतं.

काम पटत नसेल तर गिऱ्हाइकासमोर ओरडू नका. बाजूला घेऊन सांगा, दुसऱ्यांदा सांगितलं की वहीत टिपा. एकाएकी "उद्यापासून येऊ नको" म्हणणं महागात पडू शकतं. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला गैरवर्तन नसताना कमी करायचं, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो.

आणि काम करणाऱ्या मैत्रिणींनो, मालकीण वही ठेवत नसेल तर तुम्ही ठेवा. कॅलेंडरवर खूण केली तरी चालेल, पण रोज करा. अडचण आलीच तर बिलोलीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला तिथं वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

पहिली सही

त्या दिवशी वहिनींनी काय केलं, सांगू? आधी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "उचलीचे निम्मेच आत्ता कापते, बाकीचे तू परत आल्यावर." श्रावणाचा पगार वडिलांनी नेला होता हे मुलीनं मान्य केलं. तिचा चेहरा उतरला, पण घरी जाऊन त्यांना विचारीन म्हणाली. उरलेले पैसे वहिनींनी मोजून तिच्या हातात दिले. समोरच्या दुकानातून लाल पुठ्ठ्याची वही आणवली आणि पहिल्या पानावर हिशेब लिहिला. मुलीनं सावकाश, सगळी अक्षरं काढून सही केली. खाली वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बाळंतपणानंतर कामावर येणार, जागा राखून ठेवली आहे.'

"एवढं लिहून ठेवलं असतं तर चार माणसांत तमाशा झाला नसता," त्या म्हणाल्या.

मुलगी निघताना वहीकडं वळून पाहत होती. "काकू, माझं नाव खोडू नका हं," म्हणाली.

घरच्यासारखं वागवणं ही आपल्याकडची चांगलीच रीत आहे, ती मोडू नका. पण घरच्या लेकीच्या नावानंसुद्धा आपण पासबुक काढतोच ना? मग तिच्या कष्टाचा हिशेबही लिहूया. उद्या सकाळी दुकानाचं शटर वर केलं की पहिलं काम तेवढंच करा. वही उघडा, तारीख टाका आणि तुमच्याकडं राबणाऱ्या प्रत्येकीचं नाव लिहा.